त्याच्या कॉम्प्युटरातला सप्टेंबर

आधीच सांगून ठेवते, मी त्या माणसावर चिडलेली आहे. तोंडावर मी त्याला काका म्हणायची, अहो-जाहो करायची, पण इथं 'तो' म्हणणार. माझ्या आईची बावीस गाणी त्याच्या कॉम्प्युटरात गेली आणि परत आली नाहीत, हे या रागाचं कारण. बाकी सगळं त्याच्या स्वभावाचं वर्णन आहे, पण ते केल्याशिवाय गाणी कशी गेली ते कळायचं नाही.

रायपुरात चौबे कॉलोनीत आम्ही त्याच्या घरी खालच्या मजल्यावर अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. मी, माझी मुलगी आणि आई. वर तो आणि काकू. तो सिंचन खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला. आयुष्यभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले, आणि त्यातली निम्मी धरणं कधी झालीच नाहीत, हे तो मोठ्या कौतुकानं सांगायचा. नकाशा चांगला निघाला की त्याचं काम संपलं. पुढं त्यात पाणी येवो न येवो. हे मला तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

निवृत्तीनंतर त्यानं कॉम्प्युटर घेतला आणि त्यात सॉफ्टवेअर भरायला सुरुवात केली. भरायला म्हणते, वापरायला नव्हे. मराठी टाइप करायची आठ सॉफ्टवेअर होती, पण पत्र लिहायचं तर तो बॉलपेन शोधत फिरायचा. पत्रिका जुळवायची चार होती, आणि घरात लग्नाचं कोणी नव्हतं. गोठ्यातल्या गाईंच्या दुधाची नोंद ठेवणारं एक होतं. घरात मांजरसुद्धा नव्हतं. विमान चालवायला शिकवणारं, स्वेटरचे नमुने काढणारं, दवाखाना चालवणारं, स्पॅनिश शिकवणारं, सगळं होतं. दूधवाल्याचे खाडे मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं मांडलेले असायचे.

पडद्यावर गणपतीचा फोटो लावला होता. वरती सॉफ्टवेअरची इतकी छोटी छोटी चित्रं जमली की गणपतीचा एक कान आणि मोदक तेवढा दिसायचा. कॉम्प्युटर सुरू करून तो आंघोळीला जायचा, मग पूजा, मग पोहे, आणि पोह्यांची बशी धुऊन झाली की मशीन कसंबसं जागं झालेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "काका, यातलं निम्मं काढून टाका, हलकं होईल." तो असा बघत राहिला की जणू मी त्याच्या निम्म्या नातेवाइकांना घराबाहेर काढायला सांगितलं.

"असू दे नं," तो म्हणाला. "तुले काही खायले मांगून राहिलं काय?"

हे त्याचं ठरलेलं वाक्य. सीडींसाठी काकूंचा चकल्यांचा मोठा डबा गेला, तेव्हाही हेच. काकू त्या दिवाळीत चकल्या कुकरमध्ये ठेवून बसल्या होत्या. "यांच्या कॉम्प्युटरात सगळं हाये," त्या आईला म्हणाल्या, "एक गहू दळायची गिरणी तेवढी नाई. ती असती तर मी पण कॉम्प्युटर शिकली असती."

कोणाकडे लग्न असो, सत्यनारायण असो, याच्या खिशात पेनड्राइव्ह असायचाच. तीर्थप्रसाद घेतला की यजमानाला कोपऱ्यात गाठून विचारायचा, "तुमच्या लॅपटॉपमध्ये काय काय हाये?" बारशाला गेला आणि पाळण्यातल्या बाळाचं तोंड न बघता तीन सॉफ्टवेअर घेऊन आला, हे मी स्वतः पाहिलंय. घेताना एकच अट. फुकटचं पाहिजे. विकत घेणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्यामुळे निम्मी सॉफ्टवेअर तीस दिवसांच्या नमुन्याची असायची. तीस दिवस वापरा, आवडलं तर पैसे भरा, नाही तर बंद.

या तीस दिवसांवर त्यानं उपाय काढला होता. रोज सकाळी दिवा लावला की तो कॉम्प्युटरची तारीख मागं फिरवायचा. त्याच्या कॉम्प्युटरात कायम सप्टेंबर असायचा, तोही एकाच वर्षातला, एकाच तारखेचा. बाहेर होळी पेटलेली असो की कूलरमध्ये पाणी भरून आमचे हात दुखत असोत, त्याच्याकडे सप्टेंबर. तारीख जुनी म्हणून इंटरनेटच्या साइट उघडेनात, तर त्यानं इंटरनेटची तारच काढून ठेवली. "एक बार जरी त्यानं पुढची तारीख पाह्यली नं, की सगळे झोपले. मग तारीख मागं नेऊन बी उठत नाई," हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. मला तर शंभर वेळा सांगितलं असेल. मी "हो का" म्हणायची आणि आईला औषध द्यायचं म्हणून खाली पळायची. हा सप्टेंबर नक्की कोणत्या वर्षाचा आहे, हे मी कधी नीट बघितलं नाही.

आता गाण्यांचं सांगते. आई लग्न होऊन अकोल्याहून रायपुरात आली, वडील रेल्वेत होते म्हणून. येताना भुलाबाईची गाणी घेऊन आली. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली की कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन जमायच्या, आणि मग खाऊ ओळखायचा. रायपुरात ते जमवणारी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ती एकटीच उरली होती. तिला बावीस गाणी येत. ती सगळी येतात अशी दुसरी कोणी मला अजून भेटलेली नाही. तीन तर तिनं स्वतःच वाढवलेली, त्यात सासरच्या गावाच्या जागी रायपूर घालून, इथल्या शेजारणींची नावं गुंफून. पोरी आपापल्या आईचं नाव आलं की ओरडायच्या.

एका भुलाबाईच्या दिवसांत त्याच्या डोक्यात आलं, वहिनींची गाणी कॉम्प्युटरात घ्यायची. त्यासाठी मात्र त्याचं मी कौतुकच केलं होतं. दुपारी आईला वर बोलावलं. पंखा बंद. काकूंना कुकर लावायला बंदी. माइकला रुमाल गुंडाळला, म्हणजे वारा लागणार नाही. आई कोरी साडी नेसून गेली होती, जसा काही फोटो काढायचा आहे. आवाज भरून घ्यायची साधी सोय कॉम्प्युटरात आधीपासून होतीच, पण ती वापरेल तर तो कसला. डब्यातली नवी सीडी काढली, तीस दिवसांची. "याच्यात पूरा स्टुडिओ हाये, वहिनी," म्हणाला.

आईनं बावीसच्या बावीस गाणी म्हटली. मधे नवव्या गाण्याला खालून भाजीवाली ओरडत गेली, "भाजी ले लव दीदी, चेच भाजी!" दोन वेळा. आई थांबली नाही, उलट हसली आणि तशीच पुढं गात राहिली. ऐकताना तिचं हसणं ऐकू येतं. येत होतं.

झालं, याचं घोडं तिथं अडलं. भाजीवाली काढायची. "असं कचऱ्यासकट कसं देऊ? साफ करून देतो." आवाज साफ करायची सॉफ्टवेअर तो गोळा करत सुटला. एक आलं, दोन आली, पंधरा आली. आई म्हणाली, "राहू द्या भाऊजी, तीही रोजचीच हाये." तो म्हणाला, "नाई वहिनी. करून राहिलो. अजून एक नवीन सॉफ्टवेअर येऊन राहिलं." हे त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य. ते वाक्य मी किती वेळा ऐकलं असेन! आणि त्या पंधरांतलं एकही त्यानं उघडून चालवून पाहिलं नाही, हे मी पैजेवर सांगते.

पुढच्या वर्षी आईचा घसा बसला. हवा बदलली म्हणून असेल, म्हणून आम्ही हळद-दूध करत राहिलो. मग तपासण्या झाल्या, मग ऑपरेशन. जीव वाचला, आवाज गेला. तेव्हापासून आई पाटीवर लिहून बोलते. माझ्या मुलीची शाळेतली जुनी पाटी आहे, लाकडी चौकटीची, तिला दोरीनं पेन्सिल बांधलेली. आई गाण्याचे शब्द लिहून देऊ शकते, दिलेतही. पण चाल कुठं लिहायची?

गाणी भरून घेतल्याला तीन वर्षं होत आली, आणि भाद्रपद जवळ आला तशी माझी मुलगी मागं लागली. तिला मराठी कळतं, उत्तर हिंदीत देते. "नानीवाले गाने चाहिए, सब लड़कियों को बुलाऊँगी." आईनं पाटीवर लिहिलं, "वरून गाणी आण." तीनच शब्द काय ते, आणि पाटी माझ्यापुढे धरून ठेवली.

मी त्या दिवशी नवा रायपुरातल्या ऑफिसातून दोन तास आधी निघाले होते. बस चुकली, त्या रुंद रिकाम्या रस्त्यावर उन्हात तासभर उभी राहिले, आणि तशीच, घरात पर्स न टाकता वर गेले. त्याला म्हटलं, "काका, आज मी गाणी घेऊन जाणार. जशी आहेत तशी."

"अजून भाजीवाली निघून नाही राहिली, बेटा."

"नको निघू दे. तुम्ही लावा, मी मोबाइल धरते समोर. चाळीस मिनिटांचं काम आहे."

त्यानं स्पीकरवर हात ठेवला. खरंच ठेवला, जसं गरम तव्यापासून पोराला मागं सारावं तसा. "मोबाइलमध्ये घुर्र घुर्र येते वं. आईचा आवाज असा नेशील काय? आता तर तो एकच उरला न. त्याले नीट करून द्यायले नको?"

"तीन वर्षं झाली, काका! तिला आवाज नाही आता, तुम्हाला कळतंय का? तुम्ही काय राखण करून राहिलात? एक तरी वापरलंत का यातलं आजवर?" मी असं त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. त्याची भाषाही माझ्या तोंडात आली.

"काहून चिडून राहिली? नवीन येऊन राहिलं नं एक..."

तेवढ्यात काकूंनी पाण्याची मोटर बंद करायला त्याला खाली बोलावलं. तो गेला. मी त्या खुर्चीत बसले. समोर चारशे चित्रं, आणि आईचं गाणं त्यातल्या कोणत्या चित्राखाली आहे ते मला माहीत नव्हतं. विमान, गाई, स्वेटर, स्पॅनिश. खाली कोपऱ्यात तारीख होती. सप्टेंबर.

मला वाटलं, हा सगळा उकिरडा मेला पाहिजे. तो मेला की याचं डोकं ताळ्यावर येईल. गाणी म्हणजे साधी गाणी असतील, कुठल्याशा कप्प्यात पडलेली, ती कुठं जातात? मी तारीख उघडली आणि खरी घातली. महिना, दिवस, वर्ष. हे चुकून झालं नाही, हेही लिहून ठेवते. मी ते रागानं आणि त्याला दुखावं म्हणून केलं. मोबाइल माझ्या डाव्या हातात होता.

तो वर आला तेव्हा पडद्यावर पाट्या उगवत होत्या. मुदत संपली. मुदत संपली. एक मिटवली की दुसरी. तो मला उठवून खुर्चीत बसला आणि एकेक पाटी मिटवत गेला, घाई न करता. मग डाव्या कोपऱ्यातल्या, मोदकाच्या बाजूच्या एका चित्रावर गेला. ते उघडलं आणि तिथंही तीच पाटी आली. त्यानं तारीख परत सप्टेंबरवर नेली. पाटी गेली नाही.

"बेटा," तो म्हणाला, "ते याच्यातच होतं."

"दुसरीकडे कॉपी असेल ना?"

"निघत नव्हतं न त्यातून. फोकटवालं होतं. ऐकता येत होतं, पण बाहेर काढू देत नव्हतं. पैसे भरा म्हणे. तवा नाई भरले, अन् मग ते बनवणारे दुकान गुंडाळून गेले."

बाकीची कितीतरी केव्हाच मेलेली होती, हे त्या दिवशी कळलं. कित्येकांना तारखेशी काही देणंघेणंच नव्हतं. तारीख थांबवून धरली होती ती त्या एकासाठी. काकूंनी दारात उभं राहून सांगितलं, "रोज सकाळी उघडून पाह्यत होते, चालू हाये का म्हणून. एक गाणं ऐकत, अन् बंद करत." रोज सकाळी त्या वेळी मी बसस्टॉपवर असायची. त्या चारशेंतलं त्यानं खरोखर वापरलेलं ते एकच सॉफ्टवेअर.

मग मला सांगितलं का नाही? हा माझा राग आहे आणि तो रास्त आहे. "सगळे झोपतील" असं शंभर वेळा म्हणण्याऐवजी एकदा, फक्त एकदा, "तुझ्या आईचं गाणं झोपेल" असं म्हणायला काय झालं होतं? कदाचित म्हणालाही असेल. गाईंच्या आणि विमानांच्या मधे कुठंतरी, मी जिना उतरत असताना. मी त्याला ओरडून हेच विचारलं. आणि मोबाइल समोर धरायला काय धाड भरली होती, तेही विचारलं.

"हव," तो म्हणाला. "तू म्हणत होती तेच बरोबर होतं."

भांडला असता तर बरं झालं असतं. तारखेला हात का लावलास म्हणून ओरडला असता, तर मी आणखी ओरडले असते आणि मोकळी झाले असते. त्यानं तेही करू दिलं नाही. दुरुस्ती करणाऱ्या तिघांकडे मी तो कॉम्प्युटरचा डबा घेऊन गेले. तिघांनीही उघडून पाहिला आणि मान हलवली. एक म्हणाला, "दीदी, डाटा तो है, पर ताला उसी का है." बैल गेला आणि झोपा केला.

मग रविवार आला. आई ओट्याशी मेथी निवडत बसली होती, पाटी शेजारी. तो जिना उतरून खाली आला. मी समजले, सांगायला आला आहे. सांगू दे म्हटलं. सांगायलाच हवं, आणि मला ते सांगायचं धैर्य नव्हतं.

तो दारातच उभा राहिला. "वहिनी," म्हणाला, "अजून थोडं थांबा. ते भाजीवाली निघून नाही राहिली. नवीन सॉफ्टवेअर येऊन राहिलं एक."

आईनं हात पुसले, पाटी घेतली आणि लिहिलं, "घाई नाही. तिला राहू द्या." पाटी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती वाचली आणि पुन्हा वाचली. माझ्याकडे त्यानं एकदाही बघितलं नाही.

त्या वर्षी पोरी आल्या. आई टिपऱ्यांनी ठेका धरत होती आणि पोरी मोबाइलवरची कुठली कुठली गाणी लावून नाचत होत्या. खाऊ म्हणून भजी होती, आणि ती कोणीच ओळखली नाही.

पुढच्या वर्षी तो आणि काकू नागपूरला मुलीकडे राहायला गेले. सामान फार नेलं नाही, पण कॉम्प्युटरचा तो डबा चादरीत गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन गाडीत बसला. मेलेला डबा. आम्हीही ते घर सोडलं.

कॉलोनीतली जुनी माणसं भेटली की त्याचा विषय निघतोच. "वहिनींची गाणी घेऊन बसला न तो, दिली नाहीत शेवटपर्यंत," म्हणतात. "चक्रमच होता." मी मान हलवते. मी एकदाही म्हटलं नाही की ती गाणी मी मारली. त्यानंही म्हटलं नाही, काकूंनीही नाही. अख्ख्या चौबे कॉलोनीत तो चोर ठरला आणि मी बिचारी. याचाही मला राग आहे, आणि तो कोणावर काढायचा ते मला अजून ठरवता येत नाही.

दर भाद्रपदात त्याचा फोन येतो. मी स्पीकरवर टाकते. आता त्याचाही आवाज कापरा झाला आहे. "वहिनी, करून राहिलो बरं का. विसरलो नाई." आई फोनच्या जवळ पाटीवर पेन्सिल आपटते, टक टक, म्हणजे ऐकलं. मग फोन बंद होतो आणि ती मला पाटी दाखवते. गेल्या वर्षीही तेच लिहिलं होतं, यंदाही तेच. "कधी होईल?"

"काका करून राहिले," मी म्हणते. "नवीन सॉफ्टवेअर येऊन राहिलं."